जुने वाचनालय पाडताना

गावातले एखादे जुने देऊळ उतरवून नवे बांधावयाचे ठरले, तर निदान चार माणसे आडवी येतात. कोणी म्हणतो दगडी खांब तसेच ठेवा, कोणी म्हणतो शिलालेख दुसऱ्या भिंतीत बसवा, कोणी पुजाऱ्याच्या हक्काचा प्रश्न काढतो. वाद होतो, आणि वादाच्या निमित्ताने का होईना, जुन्या देवळाचे वर्णन कागदावर उतरते. जुने वाचनालय पाडताना यांपैकी काहीही घडत नाही. कार्यकारी मंडळाचा ठराव होतो, कपाटे आणि पुस्तकांचे गठ्ठे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून एखाद्या शाळेच्या रिकाम्या खोलीत जातात आणि एका सकाळी जेसीबी येऊन उभा राहतो. वर्षा-दोन वर्षांनी नव्या वास्तूच्या उद्‌घाटनाची निमंत्रणपत्रिका निघते. तिच्यावर मान्यवरांची नावे मानक्रमाने छापलेली असतात. जुनी जागा कोणी दिली होती, ती कधी उभी राहिली, तिच्यात किती पिढ्या बसून वाचत होत्या, याविषयी एक ओळही नसते. जुनी कोनशिला बहुधा राडारोड्याबरोबर गेलेली असते.

ही उदासीनता महाराष्ट्रात सर्वत्रच आहे. परंतु धाराशिव जिल्ह्यात तिची किंमत अधिक पडते. मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयांची वास्तू गेली, तरी त्यांचे छापील अहवाल, वर्गणीदारांच्या याद्या, गॅझेटियरमधील उल्लेख, वर्तमानपत्रांतील बातम्या असा कागदोपत्री पुरावा मागे राहतो. आपल्याकडे पहिल्या वाचनालयांच्या बाबतीत असे कागद फारच थोडे. पुष्कळदा ती जागा हाच एकमेव पुरावा असतो. तो पाडला, की गावाच्या वाचनाचा आरंभ केवळ वृद्धांच्या आठवणीत उरतो, आणि आठवण कोणत्या दराने कमी होत जाते हे सांगावयास नको.

असे का झाले, याचे उत्तर या भूमीच्या राजकीय इतिहासात आहे. इंग्रजी अमलाखालील मराठी मुलखात सार्वजनिक ग्रंथालयांचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच झाला. रत्नागिरीचे ग्रंथालय १८२८ चे, अहमदनगरचे (आताच्या अहिल्यानगरचे) १८३८ चे, नाशिकचे १८४० चे, पुण्याची 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' १८४८ ची. आरंभी यांतील काही संस्था गोऱ्या अधिकाऱ्यांच्या उत्तेजनाने निघाल्या आणि इंग्रजी पुस्तकांभोवतीच फिरत राहिल्या, हे खरे. तरीही सार्वजनिक वर्गणीतून पुस्तके घ्यावीत, त्यांसाठी स्वतंत्र जागा असावी आणि तिचा कारभार नियमांनी चालावा, ही कल्पना त्या शहरांत त्या वेळी रुजली.

या कल्पनेच्या उंबरठ्यापर्यंत आपला जिल्हाही एकदा येऊन गेला, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या ध्यानात नाही. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाडाबरोबर नळदुर्गचा जिल्हाही इंग्रजांच्या हवाली केला. फिलिप मेडोज टेलर हा लेखक-अधिकारी तेथे डेप्युटी कमिशनर म्हणून आला आणि नळदुर्गला राहून त्याने जमिनीच्या पाहणीपासून रस्त्यांपर्यंत अनेक कामांना हात घातला. तुळजापूर परिसराची पार्श्वभूमी घेऊन लिहिलेली त्याची 'तारा' ही कादंबरी १८६३ मध्ये प्रसिद्ध झाली. परंतु तत्पूर्वीच, १८६० मध्ये, हा जिल्हा निजामाला परत करण्यात आला. अवघी सात वर्षे! आणखी पंचवीस वर्षे तो मुलूख इंग्रजी अमलात राहता, तर शेजारच्या सोलापूरप्रमाणे नळदुर्गलाही एखादी जनरल लायब्ररी निघाली असती, असा तर्क करण्यास हरकत नाही. इतिहासात 'जर-तर'ला अर्थ नसतो असे म्हणण्याची पद्धत आहे. पण जे घडले नाही ते का घडले नाही, हे समजण्यास असा तर्क उपयोगी पडतो.

पुढे १९०४ मध्ये जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गहून धाराशिवला आले आणि मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून शहर उस्मानाबाद झाले. (२०२३ मध्ये ते पुन्हा धाराशिव झाले.) निजामाच्या राज्यात ग्रंथालयांची आस्था मुळीच नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. हैदराबादेत १८९१ मध्ये असफिया ग्रंथालय स्थापन झाले आणि मुसी नदीच्या काठी अफजलगंजला त्याची भव्य इमारत १९३६ मध्ये पुरी झाली. अरबी, फार्सी आणि उर्दू हस्तलिखितांचा तेथील संग्रह मोलाचा आहे. त्या इमारतीच्या खर्चात आमच्या भूम-परंड्याच्या शेतकऱ्याचा साराही होताच. पण राज्याची भाषा उर्दू, १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू, आणि राजधानी धाराशिवपासून कित्येक कोस दूर. मराठी वाचू इच्छिणाऱ्या तालुक्याच्या गावातल्या मास्तराला किंवा दुकानदाराला त्या इमारतीचा उपयोग शून्य होता.

त्याच सुमारास, दुसऱ्या एका संस्थानात काय घडत होते हे पाहिले म्हणजे फरक डोळ्यांत भरतो. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून आणून संस्थानभर वाचनालयांचे जाळे विणावयास घेतले. एक हिस्सा गावाने द्यावा, एक प्रांत पंचायतीने आणि एक सरकारने, अशी खर्चाची वाटणी होती; ज्या गावांत वाचनालय नाही तेथे पुस्तकांच्या पेट्या फिरत. बडोद्याच्या खेड्यातील वाचनालयाला स्वतःचे घर असे, कारण त्याला सरकारी हिशेबात जागा होती. आपल्याकडे त्याच काळात सार्वजनिक सभेला परवानगी लागे, आणि 'गश्ती निशाण ५३' या कुप्रसिद्ध परिपत्रकाने ती परवानगी मिळविणे हीच एक शिक्षा करून ठेवली होती. खाजगी शाळांवर बंधने होती, आखाड्यांवर बंधने होती. चार तरुण एकत्र बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचतात, एवढ्यावरून पोलीस पाटलाच्या कपाळाला आठी पडत असे. या परिस्थितीत गावाने वर्गणी काढून, पाटी लावून वाचनालयाची इमारत बांधावी, अशी अपेक्षा करणेच चूक.

म्हणून आमच्या जिल्ह्यातील पहिल्या वाचनालयांनी उसनी घरे शोधली. कोणाच्या वाड्याची ढेलज, कोठे मंदिराची ओसरी, कोठे धर्मशाळेची खोली, कोठे अडत दुकानाची माडी. पुस्तके देवळीत किंवा लाकडी पेटीत. सोलापूर आणि बार्शी या इंग्रजी हद्दीतल्या पेठा जवळ होत्या. बार्शी लाईट रेल्वेचा छोटा रूळ कसबे तडवळ्यापर्यंत १९०७ मध्ये आणि लातूरपर्यंत १९११ मध्ये पोचला होता. बाजाराला जाणाऱ्या माणसाला तिकडून येताना पुस्तके आणि अंक आणणे शक्य होते. लोहारा तालुक्यातील हिप्परग्यास १९२१ मध्ये व्यंकटराव देशमुख व अनंतराव कुलकर्णी यांनी राष्ट्रीय शाळा काढली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून प्रसिद्ध झालेले व्यंकटेश खेडगीकर तेथे मुख्याध्यापक होते आणि १९३२ मध्ये त्यांनी संन्यास घेतला. मराठवाड्याच्या मुक्तिलढ्याची एक मोठी पिढी अशा आडगावच्या शाळेतून निघाली, ती पुस्तकांवाचून निघाली नाही. ती पुस्तके कोणत्या खोलीत होती, त्या खोलीचे दार कोणत्या गल्लीत उघडत असे, हे आपण जपले आहे काय?

स्वातंत्र्यानंतर, म्हणजे आपल्यापुरते सप्टेंबर १९४८ नंतर, परिस्थिती पालटली. हैदराबाद राज्याने १९५५ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. देशातला या स्वरूपाचा तो दुसरा. पहिला मद्रासचा, १९४८ चा. परंतु तो नीट मुरण्यापूर्वीच १९५६ मध्ये राज्यच विभागले गेले. पुढे 'महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७' झाला आणि वाचनालयांना वर्गवारीप्रमाणे अनुदान मिळू लागले. आज राज्यात सुमारे अकरा हजार शासनमान्य वाचनालये आहेत. संख्येच्या दृष्टीने हे यश लहान नव्हे. पण या कायद्याने तामिळनाडू, कर्नाटक वा आंध्राप्रमाणे ग्रंथालय कर बसविला नाही. त्यामुळे वाचनालयाला स्वतःच्या हक्काचे उत्पन्न मिळाले नाही. ते अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून बसले. अनुदानात पुस्तके, वर्तमानपत्रे आणि ग्रंथपालाचे तुटपुंजे वेतन कसेबसे भागते. २०१२ नंतर ते दहा वर्षे जवळपास जागच्या जागी राहिले आणि नंतर त्यात साठ टक्क्यांची वाढ झाली, तेव्हा मधल्या काळातील महागाईने ती आधीच खाऊन टाकलेली होती. या हिशेबात इमारतीची डागडुजी बसणार कोठे? राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून इमारतीसाठी साहाय्य मिळू शकते, हे खरे. ते प्रतिष्ठान १९७२ पासून कोलकात्याहून काम करीत आहे. परंतु प्रस्ताव, नकाशे, अंदाजपत्रके आणि संस्थेचा स्वतःचा हिस्सा हे सारे जमविणे 'क' वा 'ड' वर्गातील वाचनालयाच्या मानसेवी चिटणीसाच्या आवाक्याबाहेरचे असते.

मग सुचतो तो एकच उपाय. जागा बाजारपेठेत असतेच. जुने पाडावे, खाली गाळे काढावेत, त्यांच्या अनामत रकमेतून बांधकाम करावे आणि वाचनालय वर न्यावे. चिटणीसांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग ठेवलेलाच नाही. पण परिणाम काय होतो तो पाहण्यासारखा आहे. वर्तमानपत्रांचे टेबल पूर्वी रस्त्यालगत होते. बाजाराला आलेला माणूस चपला बाहेर काढून पाच मिनिटे आत डोकावत असे. आता त्याला कपड्यांच्या आणि मोबाईलच्या दुकानांमधील अरुंद जिना शोधून दोन मजले चढावे लागतात. निवृत्त शिक्षक चढत नाहीत, कारण गुडघे परवानगी देत नाहीत. घरकाम आटोपून मासिक बदलावयास येणाऱ्या बाया त्या जिन्यावरील टोळक्यातून जाण्याचे टाळतात. उरतात ती स्पर्धा परीक्षेची मुले, आणि ती आपली पुस्तके आपणच घेऊन येतात. त्यांना हवे असते टेबल, दिवा आणि शांतता. अभ्यासिका अवश्य असावी. या दुष्काळी जिल्ह्यातील कित्येक मुलांच्या घरी अभ्यासाला वेगळी खोली नाही. पण अभ्यासिका म्हणजे वाचनालय नव्हे, आणि एकाची जागा दुसऱ्याने केव्हा घेतली हे आपल्याला कळलेही नाही, याचे एक कारण ते घर बदलताना घडले हे आहे.

'पुस्तके सुखरूप आहेत ना, मग भिंती गेल्या तर काय बिघडले?' हा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे. मातीच्या भिंतीत काही पावित्र्य नसते. शिवाय आपल्या भागात तर या भिंतींची लोकांना धास्तीच बसलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गाडली गेली, ती बहुतेक दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे अंगावर कोसळूनच. सास्तूर-लोहाऱ्याच्या ज्या माणसाने तो दिवस पाहिला, त्याला 'जुने वाडे किती सुंदर' असे सांगावयास जाणाऱ्याने थोडी लाज बाळगावी. त्यानंतर ज्याला शक्य झाले त्याने माळवद उतरवून सिमेंटचे छत घातले, आणि ते योग्यच केले. त्या घरांबरोबर ज्या ढेलजा आणि माड्या गेल्या, त्यांतच पूर्वी कोठे कोठे वाचनालये भरत होती. म्हणून प्रत्येक जुनी वास्तू राखलीच पाहिजे, असा हट्ट येथे कोणी धरीत नाही. धोक्याची इमारत पाडावीच लागते. प्रश्न एवढाच आहे, की पाडण्यापूर्वी आपण तिच्याकडे एकदा नीट पाहतो का?

पाहिले, तर भिंती पुष्कळ काही सांगतात. आणि ते सारेच गोड नसते. वाचनालय देवळाच्या ओसरीवर होते, याचा अर्थ ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती त्यांना वाचनालयही बंद होते. ते वतनदाराच्या ढेलजेत होते, याचा अर्थ त्या ढेलजेत ज्याला उभे राहूनच बोलावे लागे त्याला बसून वर्तमानपत्र वाचण्याची मुभा नव्हती. 'सार्वजनिक' ही पाटी वाचताना त्या सर्वांत कोण जमेस धरले होते, हे जागेवरून जितके स्पष्ट कळते तितके नियमावलीवरून कळत नाही. कारण नियमावलीत जातीचा उल्लेख करण्याची गरजच नसे, उंबरठा ते काम करीत असे. फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर महार-मांग वतनदार परिषदेसाठी कसबे तडवळ्याला आले, तेव्हा त्यांचा मुक्काम तेथील शाळेच्या इमारतीत होता. ती इमारत स्मारक म्हणून जपावी, अशी तेथील लोकांची मागणी आहे, आणि ती मागणी आम्हांला या साऱ्या चर्चेत सर्वांत समंजस वाटते. कोणती खोली कोणासाठी उघडली, हे लक्षात ठेवण्याची गरज ज्यांच्यासाठी खोल्या बंद होत्या त्यांना अधिक नेमकेपणाने कळते. जुन्या वाचनालयांची नोंद करावयाची तर तिच्यात वर्गणीदारांबरोबर हे बाहेर राहिलेले वाचकही आले पाहिजेत. नाही तर ती नोंद म्हणजे देणगीदारांच्या वंशजांनी केलेला गौरवग्रंथ होईल, आणि तसले ग्रंथ आपल्याकडे आधीच पुरेसे आहेत.

वाचनालयांची घरे जाण्याचा प्रकार केवळ गरीब जिल्ह्यांतच होतो, असे मानण्याचेही कारण नाही. पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी बुधवार वाड्यात होती. मे १८७९ मध्ये तो पेशवाई वाडा आगीत भस्मसात झाला. प्रथम संशय वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाकडे गेला. तपासाअंती ते कृत्य सरकारी बुक डेपोतील एका नोकराचे ठरले. पुस्तकांच्या सरकारी भांडारातील माणसाने लावलेल्या आगीत लोकांच्या पुस्तकांचे घर जावे, यातील दैवदुर्विलास वेगळा सांगावयास नको. पण पुणेकरांनी संस्था पुन्हा उभी केली, आणि आज ती पुणे नगर वाचन मंदिर या नावाने चालते.

योगायोग असा, की त्याच १८७९ च्या जानेवारीत इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचे सार्वजनिक ग्रंथालयही जळाले. सुमारे पन्नास हजार ग्रंथांपैकी हजारभरच वाचले. १८८२ मध्ये नवी इमारत उघडली. ती १९७४ मध्ये पाडण्यात आली. त्याच सुमारास उभारलेली तिसरी, काँक्रीटची अवाढव्य इमारत चाळीस वर्षांत नकोशी झाली आणि २०१६ मध्ये तीही पाडली. २०१३ मध्ये उघडलेली चौथी मोठी खर्चिक. पण पुरती दोन वर्षे होतात न होतात तोच नगरपालिकेला पैशाची चणचण भासली आणि ग्रंथालयाचे आठवड्याचे ७३ तास ४० वर आणण्यात आले. नवे घर बांधले की ग्रंथालयाची सेवा आपोआप सुधारते, असे समजणाऱ्या आपल्याकडील मंडळींनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

मात्र त्या शहराची एक गोष्ट घेण्याजोगी आहे. १८८२ च्या इमारतीत शेक्सपिअरच्या ग्रंथांसाठी कोरीव लाकडाची एक खास खोली होती. इमारत पाडताना त्या खोलीचे तावदान-तुळया सुटे करून ठेवले, आणि चौथ्या इमारतीच्या माथ्यावर ती खोली पुन्हा जशीच्या तशी बसविली. अमेरिकेत सिनसिनाटीचे १८७४ चे ग्रंथालय १९५५ मध्ये पाडले गेले. त्याच्या पाच मजली लोखंडी कपाटांची छायाचित्रे मात्र इतकी चांगली जपली गेली, की ज्यांनी ती वास्तू कधी पाहिली नाही तेही आज तिच्यासाठी हळहळतात. आपल्याला हळहळण्यासाठी छायाचित्रही नाही.

कायद्याकडून या बाबतीत फार अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. केंद्राचा १९५८ चा पुरातन स्मारकांचा कायदा शंभर वर्षांच्या आतील वास्तूला हात लावीत नाही, आणि शंभर वर्षे पुरी झालेली असली तरी उसन्या ढेलजेला राष्ट्रीय स्मारक कोण म्हणणार? नळदुर्ग आणि परंड्याचे किल्ले संरक्षित आहेत, ते असावेतच. त्या रांगेत वाचनालयाला बसवा, असेही आम्ही म्हणत नाही. पण याच जिल्ह्यात तेर येथे एक उदाहरण आहे, ते विसरता कामा नये. प्राचीन तगर नगरीचे अवशेष तेरच्या पांढरीत पावसाळ्यानंतर वर येत. मणी, नाणी, खापराचे तुकडे, मातीच्या मूर्ती. गावाला ती माती होती. रामलिंगप्पा लामतुरे यांनी ती वर्षानुवर्षे वेचली, जपली, आणि आज त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय तेथे उभे आहे. त्यांच्यापाशी कोणता कायदा नव्हता, अनुदान नव्हते. दोन हजार वर्षांपूर्वीचा तगरचा मणी आपल्यापाशी आहे आणि सत्तर वर्षांपूर्वीच्या वाचनालयाची पाटी नाही, हे आजचे चित्र आहे. जानेवारी २०२० मध्ये याच शहरात त्र्याण्णवावे अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले. नगरीला तेरच्याच संत गोरोबाकाकांचे नाव होते, ग्रंथदिंडी निघाली, पुस्तकांची दुकाने लागली. त्या उत्साहाच्या दिवसांतही जिल्ह्यातील जुन्या वाचनालयांच्या जागा एकदा हिंडून पाहाव्यात, त्यांचा एक नकाशा करावा, असे कोणाला सुचले नाही. संमेलनांकडून अशा कामांची अपेक्षा करण्याची आपली सवयही आता मोडली आहे.

हे काम फार मोठ्या खर्चाचे नाही. वाचनालय पाडण्याचा ठराव झाला की पहिली वीट निघण्यापूर्वी एक शिक्षक, एक विद्यार्थी आणि तलाठी कार्यालयातील टेप धरू शकणारा एखादा कारकून एवढी माणसे पुरेत. खोलीची लांबी-रुंदी, दारे-खिडक्या कोणत्या दिशेला, वर्तमानपत्रांचे टेबल कोठे होते, स्त्रियांना वेगळे दार होते काय, हे एका कागदावर काढावे. चारी बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. कोनशिला आणि देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या उतरवून नव्या इमारतीच्या जिन्यात तरी लावाव्यात. जुन्या वाचकांना, आणि ज्यांना तेथे येता येत नसे त्यांनाही, बोलावून त्यांचे सांगणे लिहून घ्यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दाखल नोंदवहीचे पहिले खंड. वाचनालय हलते तेव्हा पुस्तके मोजून नेली जातात. फाटक्या, वाळवी लागलेल्या जुन्या नोंदवह्या मात्र निरुपयोगी म्हणून रद्दीत जातात. वास्तविक त्या वहीच्या पहिल्या पानांवर गावाने पहिली शंभर पुस्तके कोणती घेतली, कोणती कोणाकडून भेट आली आणि त्यांना किती पैसे पडले, हे एखाद्या चिटणीसाच्या टाकाने लिहिलेले असते. गावाच्या मनाचा याहून विश्वसनीय दाखला दुसरा मिळणार नाही.

हे सारे जिल्हा ग्रंथालय संघाने हाती घेतल्यास उत्तमच. पण त्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. प्रत्येक शासनमान्य वाचनालय दरवर्षी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडे वार्षिक अहवाल पाठविते. पुस्तके किती, सभासद किती, वर्गणी किती, हे रकाने त्यात भरलेले असतात. त्याला एक पान जोडावे: हे वाचनालय स्थापनेपासून कोणकोणत्या जागेत होते, ती जागा कोणाची, तिचे आज काय झाले. बहुतेक संस्थांचे हे पान अर्धे कोरे राहील. ते कोरे असले तरी पाठवावे, आणि ज्यांना ऐंशी-नव्वदीच्या घरातील वाचक अजून ठाऊक आहेत, त्या संस्थांनी ते याच वर्षी भरून घ्यावे.